राशीवर बोलू नये

टाकव्याच्या पुढे, आंदर मावळात शिरणाऱ्या रस्त्याला लागून सात घरांचं मिळून एक खळं आहे. भात झोडायचं मशीन आता बांधावरच येतं आणि पोती तिथूनच काट्यावर जातात, त्यामुळे वर्षभर त्या खळ्यावर ट्रॉल्या उभ्या असतात, नाहीतर कुणाच्या तरी गोवऱ्या वाळत असतात. रास घालून पायलीनं मोजणारी एकटी अंबूबाई उरली. मळणीला बैल बांधायचा तिवडा मधोमध अजून उभा आहे. बैल जाऊन पंधरा वर्षं झाली.

हेच खळं कंपनीला द्यायचं घाटत होतं.

सरपंच सारिका ही अंबूबाईच्या शेजारच्या हौशीरामची सून. तिनं दोन वर्षं हिंजवडीतल्या कंपन्यांना पत्रं लिहिली. आमच्याकडे वीज आहे, रस्ता आहे, शिकलेल्या मुली आहेत, त्या रोज तुमच्याकडे येतात त्यापेक्षा तुम्हीच इकडे या. एवढ्या पत्रांना एकच उत्तर आलं. साठ माणसं बसतील अशी शेड बांधू, म्हणाले, पण जागा सपाट आणि रस्त्याला लागून हवी. मावळात सपाट जागा म्हणजे भाताची खाचरं. पोटचं खाचर कोण देणार? मग सगळ्यांचं बोट खळ्याकडे गेलं. सहा घरांनी होकार दिला. सातवी अंबूबाई.

"पन कंपनी करती काय?" तिनं सारिकाला विचारलं होतं.

"लोकांच्या तक्रारी फोनवर ऐकून घ्यायच्या, मावशी. कुणाचा फ्रीज बिघडला, कुणाचं सामान पोचलं न्हाई, असल्या."

"अन् दुरुस्ती कोन करतं?"

"ते दुसरीकडं."

"म्हंजी हितं निस्तं ऐकायचं?"

ओट्यावर बसलेला हौशीराम विडी विझवत म्हणाला, "वहिनी, असल्या कामाला पगार मिळतो हे आदी कळतं, तर तुमच्या जाऊबाईचं चाळीस वर्सं मी फुकट ऐकलं नसतं."

सारिका हसली. अंबूबाईला हसू आलं नाही. तिची नात रेणुका हेच काम करायची, हिंजवडीत. पहाटे गार वाऱ्यात स्कूटर काढायची, कान्ह्याला लोकल धरायची, बेगडेवाडीला उतरून मैत्रिणीच्या गाडीवर पुढे जायची. परत यायला दिवेलागण टळून जायची. मागच्या महिन्यात धुक्यात स्कूटर घसरली आणि कोपर सोलून निघालं. पोरीनं त्यावर फडकं बांधलं आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा गेली. शेड खळ्यावर झाली, तर ती घरून जेवायला येऊ शकेल. एवढं सोपं होतं. मग हात पुढे का होत नव्हता?

लहानपणी अंबूबाई आईबरोबर करवंदांची टोपली घेऊन लोणावळ्याला जायची. बंगल्यांच्या फाटकाशी तासनतास उभं राहायचं, कुणी बाहेर आलं तर द्रोण भरायचा, नाहीतर टोपली तशीच डोक्यावर घेऊन परत. आपण त्यांच्या दारात जायचं, हेच तिला ठाऊक. आता सारिका म्हणते, ते आपल्या दारात येतील. पण दारात आलेल्याला आपण द्यायचं, की त्यानं आपल्याला? सारिका म्हणाली, दोन्ही. हौशीराम म्हणाला, आधी आपण, मग ते, मग पुन्हा आपण. अंबूबाईचा गोंधळ वाढला.

शुक्रवारी रात्री भाकरी टाकता टाकता तिनं रेणुकाला विचारलं, "मी काय करू गं?"

"तुझी जागा आहे, आजी. मी काय सांगणार?"

"तुला हितं काम मिळालं तर बरं न्हाई का?"

"बरंच की." मग भाकरीचा तुकडा हातात तसाच ठेवून ती म्हणाली, "पण मग रास कुठे घालशील?"

पोर हो म्हणतेय की नाही, ते काही उमगलं नाही.

शनिवारी अकराला कंपनीची माणसं येणार होती. अंबूबाईनं मनाशी हिशेब केला, दहापर्यंत रास उरकू, अंघोळ करू, आणि अकरापर्यंत काय सांगायचं ते ठरवू. खळं शेणानं सारवलेलं होतं. त्यावर भाताची रास, राशीवर झेंडूचं फूल, शेजारी नारळ. रेणुकाला सुट्टी होती, ती पोत्याचं तोंड धरून बसली. अंबूबाईनं पहिली पायली भरली, "लाभ" म्हणाली आणि पोत्यात ओतली. त्यानंतर मोजणाऱ्यानं आकड्याशिवाय काही बोलायचं नाही. बोललं की राशीची बरकत जाते. तिच्या सासूनं एकदा साप निघाला तरी तोंड उघडलं नव्हतं, नुसतं सूप आपटलं होतं.

कंपनीची माणसं लोणावळ्याला हॉटेलात मुक्कामी होती. सकाळी रस्ता मोकळा मिळाला आणि सव्वानऊलाच त्यांची पांढरी गाडी खळ्याशी येऊन थांबली. एक मॅडम, दोन पोरं. मागून सारिका धावत आली, पदर सावरत, एका पायात चप्पल नीट न अडकलेली.

"तेरा," अंबूबाई म्हणाली आणि ओतलं.

मॅडम पुढे आल्या. पायात बूट. अंबूबाईनं हातातल्या पायलीनंच बुटांकडे खूण केली. मॅडम गोंधळल्या, मग सारिकानं सांगितल्यावर वाकून बूट काढले. सारवलेल्या जमिनीवर त्यांचे मोजे हिरवट झाले.

"नमस्कार आजी. सारिकाताई म्हणाल्या, फक्त तुमच्या होकाराचं राहिलंय. तुम्हाला ही जागा द्यायला चालेल ना?"

"चौदा."

मॅडमनी सारिकाकडे पाहिलं. सारिका तिवड्याकडे पाहत होती.

"म्हणजे, तुमचा विरोध नाही ना काही?"

"पंधरा."

एक पोरगा हळूच म्हणाला, "मॅम, बहुतेक ऐकू येत नाही." रेणुकानं मान खाली घातली, पोत्याआड तिचे खांदे हलत होते. अंबूबाईनं पुढची पायली राशीत खुपसली. रास अजून अर्ध्याहून जास्त उरली होती. ही बाई पाव्हणी, तिला उत्तर द्यायला हवं. पण काय उत्तर, तेही ठरलं नव्हतं. तोंड उघडता येत नव्हतं याचं तिला एका बाजूनं बरंच वाटलं, आणि बरं वाटलं म्हणून शरमही वाटली. ती मोजत राहिली. पाव्हणे उन्हात उभे राहिले.

एकेचाळिसाव्या पायलीला रास संपली. अंबूबाईनं खळ्याच्या पाया पडून नारळ फोडला. खळ्यावर आलेल्याला रिकाम्या हातानं धाडत नाहीत. सुतार, लोहार, वाटसरू, कुणीही असो, तळाचे दाणे त्याच्या पदरात पडतात. नवरा दत्तोबा होता तोवर तो घालायचा, तो गेल्यापासून ती घालते. तिनं सुपात दाणे घेतले आणि मॅडमपुढे धरले. मॅडमनी गळ्यातली ओढणी पसरली. दोन्ही पोरांनी रुमाल काढले.

मॅडमचे डोळे भरून आले. "थँक यू, आजी. इतक्या सुंदर पद्धतीनं कुणी होकार दिला नव्हता." पोरांनी टाळ्या वाजवल्या, फोटो काढले, आणि सगळे सारिकाच्या घरी चहाला गेले.

अंबूबाई सूप हातात धरून उभी. आता बोलता येत होतं. पण गाडी वळली होती.

"आजी, तू हो म्हणालीस?" रेणुकानं विचारलं.

"मी तर दानं दिलं. व्हय कवा म्हनले?"

"मग नाही म्हणालीस?"

"न्हाई तरी कवा म्हनले?"

रेणुकानं पोत्याचं तोंड बांधायला घेतलं.

दोन दिवस गाव येऊन बोलून गेलं. बरं केलं, म्हणाले. हौशीरामनं तर बारशाचं आमंत्रण द्यावं तसं शेडच्या उद्‌घाटनाचं आमंत्रण देऊन टाकलं. सोमवारी सकाळी अंबूबाई उठली आणि थेट पंचायतीत गेली. सारिका टेबलाशी बसली होती, समोर होकाराचा कागद, सहा सह्या असलेला.

"सारिका, तू ह्याच गावची सून. खळ्यावरचं दानं म्हंजी काय, तुला ठावं हाय."

सारिकानं कागद बाजूला सरकवला. मग म्हणाली, "ठावं हाय, मावशी. तिथंच सांगायला पायजे व्हतं. पन दोन वर्सं पत्रं लिवली, अन् टाळ्या वाजल्या. तोंडच उघडंना."

"रास माझी व्हती. तू कशाला गप?"

सारिकाला हसावं की रडावं कळेना. "आता त्यांना काय सांगू?"

"खरं सांग. म्हातारी राशीवर व्हती, बोलता येत नव्हतं. आता बोलता येतंय, पुन्ना इचारा म्हनावं."

सारिकानं फोन लावला. पलीकडे मॅडम. सारिकानं सगळं सांगितलं, लाभापासून दाण्यांपर्यंत, एक शब्द न लपवता. मग सारिकानं फोन मोठ्या आवाजात करून टेबलावर ठेवला.

"आजी," आतून आवाज आला, "माझं चुकलंच. ते दाणे मी घरी देवापुढे ठेवलेत. आता नीट विचारते. खळं द्याल का?"

अंबूबाई फोनकडे वाकली. रेणुकाचं सोललेलं कोपर डोळ्यांपुढे आलं. मग तिवडा आला. मग करवंदांची टोपली, जड, तशीच परत आणलेली. हो ओठांवर येई आणि नाही त्याला ढकलून पुढे येई. सारिकानं कागदावर ठेवलेली पेन्सिल घट्ट धरली होती.

फोनमधून काही ऐकू येईना, म्हणून पलीकडची बाई हळूच म्हणाली, "आजी? रास मोजताय का?"

अंबूबाई चमकली. कसं ओळखलं या बाईनं?

"व्हय," ती म्हणाली. "अजून दोन दिस लागतील."

"मोजा. मी थांबते."

फोन बंद झाला. सारिकानं कागदाची घडी घातली, खणात ठेवली, आणि खुर्ची अंबूबाईकडे सरकवली. "बसा मावशी. च्या टाकते."