बिनभट्टीची कलई

वडशाच्या तांदूळ गिरणीमागच्या मैदानात त्या दिवसांत मुंगीला शिरायला जागा नव्हती. हिंदू काय, मुसलमान काय, धानोऱ्याकडून बैलबंड्या जुंपून आलेले गोंड काय, सगळे एकाच चटईसमोर दाटीवाटीनं बसलेले. चटईवर पीरजादे हबीबशा. हिरवा साफा, डोळ्यांत सुरमा, आणि तोंड असं चालायचं की गिरणीनं लाजावं.

"हम नबी की औलाद हैं!" बापाचं नाव, आज्याचं, पणज्याचं करत स्वारी एका दमात थेट मदिन्याला पोचायची. "ये हाथ मेरा नहीं, पुरखों की बरकत है!" मग आजाऱ्याचा तांब्याचा कटोरा घ्यायचा, त्यावर लिंबू पिळायचं, धुपाच्या ऊददाणीतली चिमूटभर राख तळव्यानं घासायची. बघता बघता लाल तांबं चांदीसारखं पांढरं! "बीमारी गई!" त्या कटोऱ्यातलं पाणी प्यायचं, दुसरं औषध घ्यायचं नाही. घेतलं तर बरकत रुसते म्हणे. भारीच नाजूक बरकत, बाप्पा!

लोक आधी बिचकले होते. त्यांनी नूर मोहम्मदच्या तोंडाकडे पाहिलं. नूर मोहम्मद म्हणजे वडशाचा कलईवाला. तांबं पांढरं करायचं तर भट्टी हवी, भाता हवा, कथील हवं, नवसागर हवा, हे त्याच्याइतकं कोणाला ठाऊक? आणि इथं ना जाळ, ना धूर! त्यानं कटोरा उलटापालटा करून पाहिला आणि भर गर्दीत म्हणाला, "बिनभट्टीची कलई माणसाच्या हातून होत नाई, भाऊ. हे बरकतच होय." झालं! खुद्द कलईवाल्यानं सांगितलं म्हटल्यावर गाव लोटलं.

त्याच आठवड्यात त्याची मलिका तापानं फणफणली. एकुलती एक पोर, अब्बाचा भाता ओढायला सगळ्यांत पुढं. तिची छाती घरघरू लागली.

"डॉक्टरकडे नेऊ," तिची आई आबिदा म्हणाली.

"काऊन? बाबानं कटोरा देल्ला ना. औषध घेतलं तं बरकत जाईन."

"मलिकाचे अब्बा, नूह नबीचा सख्खा पोरगा पुरात बुडाला. बाप पैगंबर असून! त्याले खानदानानं नाई वाचवलं, मंग या बाबाचं खानदान माह्या पोरीले कसं वाचवन?"

"तोबा कर, आबिदा! जीभ आवर."

आबिदानं जीभ आवरली. तेच तिला पुढं जन्मभर डाचत राहिलं. "अब्बा, हे पाणी नको," पोर म्हणायची, आणि बाप लाडीगोडी लावून घोट पाजायचा. ओठ निळे पडले तेव्हा मात्र आबिदानं कोणालाही न विचारता तिला उचललं आणि दवाखाना गाठला. डॉक्टर गुणवंतरावांनी सुई टोचली. पण वेळ निघून गेली होती. मलिका आईच्या मांडीवरच गेली.

दफनानंतर नूर मोहम्मद कटोरा घेऊन डॉक्टरांच्या दारात उभा राहिला. "डॉक्टरसाहेब, बरकत होती. मंग पोर काऊन गेली?"

"निमोनिया होता, नूरभाई. लवकर आणली असती तर पेनिसिलीननं वाचली असती." त्यांनी कटोरा निरखला. मग फुटलेल्या थर्मामीटरचा पारा ठेवलेली बाटली काढली, थेंबभर पारा राखेत कालवला आणि कापडानं तांब्याच्या गडव्यावर घासला. गडवा पांढरा झाला. "पारा तांब्याला असाच धरतो. जाळ लागत नाही. आणि पारा विष आहे."

नूर मोहम्मदनं कटोरा गडव्याशेजारी धरला. चमक तीच. कलई त्याला येत होती, पण पारा त्यानं कधी हाताळला नव्हता. जे आपल्याला येत नाही ते माणसाला येतच नाही, असं तो धरून चालला होता.

दुसऱ्या दिवशी त्यानं आपली भट्टी मैदानात नेऊन चटईसमोरच पेटवली. "लांब सरका, धूर वाईट आहे," म्हणाला आणि मलिकाचा कटोरा जाळावर धरला. पाऱ्याची पांढरी चमक धूर होऊन उडाली. खालचं लालकाळं तांबं वर आलं.

"बेअदबी!" हबीबशा ओरडला. "नबी के खून पर शक?"

"नबीवर शक नाई. त्यायच्या नावावर तांबं रंगवणाऱ्यावर आहे." त्यानं चटईवरची ऊददाणी थाळीत उपडी केली. राखेतून पाऱ्याचे चकचकीत गोळे घरंगळले. हबीबशानं घाईघाईनं थाळीवर हात आडवा धरला.

पुढंच धानोऱ्याची सोमारी बसली होती. मांडीवर तापलेलं लेकरू, हातात कटोरा. ती म्हणाली, "पण तुमीच तं बरकत म्हनलं होतं, भाऊ!"

"हो बाई, मीच म्हनलं." त्याला रडू आवरेना. "मले कलई कळते, ताप नाई कळत. पोरीच्या छातीत रोग होता, आन् मी तिले खानदान पाजत राह्यलो. आता माह्या सांगण्यावर जाऊ नका. कोणाच्या बापआज्यावर तं बिलकुल नका. डोळ्यानं पाहा, विचारा, पारखून घ्या. आजारी लेकराले दवाखान्यात न्या."

कोणी हललं नाही. तेव्हा आबिदा गर्दीतून पुढं आली. सोमारीच्या मांडीवरचं लेकरू तिनं उचललं, छातीशी धरलं आणि दवाखान्याची वाट धरली. कटोरा तिथंच टाकून सोमारी तिच्यामागं धावली.