बोरीचा ओंडका

"बाकीचे सगळे न्या. ह्याला हात लावू नका," असं म्हणून सिद्धलिंगअप्पा बोरीच्या ओंडक्यावर चक्क बसून राहिले.

अंगणात माणसं भिजत उभी होती. शेजारचा बन्सीधर पहाटे गेला होता, बाहेर झड लागलेली, आणि गावात कोरडं लाकूड म्हणाल तर फक्त अप्पांच्या पत्र्याच्या शेडात.

एसटीतली कंडक्टरकी संपल्यावर अप्पांना लाकूड कातायचा नाद लागला होता. कुणाचं झाड पडलं की ओंडके आणायचे, पेट्रोलवरच्या करवतीनं उभे चिरायचे, वाळवायचे आणि मग लेथवर फिरवून वाट्या करायच्या. विकायच्या मात्र नाहीत, त्यामुळे गावाच्या लेखी हा शुद्ध रिकामटेकडेपणा. त्यातून निम्म्या वाट्या तडकायच्या, उरलेल्या गळायच्या.

बन्सीधर रोज येऊन चिडवायचा, "गोवऱ्या मसणात गेल्या तुझ्या, आन् लाकडं काय जमवायलास?" अप्पा लिंगायत, त्यांच्यात जाळत नाहीत, पुरतात. ते म्हणायचे, "मला मातीत बसवतेत. लाकडं तुला लागतील." ती थट्टा आता खरी झाली होती.

बन्सीधरचा चुलतभाऊ सूर्यभान पुढे झाला. "अप्पा, मयताला लाकूड न्हाई म्हनू नये."

"न्हाई कुठं म्हनलो? शेड मोकळं केलं न्हवं. पन हे त्यानं वाटीसाठी दिलंय. जाळायला न्हाई."

ते खरंच होतं. विहिरीवरची बोर वाऱ्यानं पडली तेव्हा बन्सीधरनं स्वतः बैलगाडीतून हा ओंडका आणून टाकला होता. ताकाची वाटी कर, आणि जन्मात एक तरी न गळणारी कर, असं बजावलं होतं. तेव्हापासून अप्पा त्याला हात लावायला भीत होते. दुसऱ्या कुणाचं लाकूड बिघडलं असतं तर चाललं असतं.

सरण व्यवस्थित रचलं गेलं, काही कमी पडलं नाही. पण मढं दारात असताना म्हातारा लाकडावर बसून राहिला, ही गोष्ट गावभर झाली. राख सावडून माणसं गोदावरीवरून परतली तर अप्पांच्या अंगणात करवत सुरू. सूर्यभान तसाच ओल्या धोतरानं आत आला आणि सुतकात मशीन बंद ठेवायला सांगू लागला.

अप्पांनी मशीन बंद केलं ते फक्त बोलण्यापुरतं. "तुमचं सुतक तुमी पाळा. मी माझं पाळायलोय." आणि पुन्हा दोरी ओढली.

ओंडका उघडला आणि अप्पांनी मशीन बंद केलं. गाभ्यापासून आरपार चीर गेली होती. ओला असतानाच मधोमध चिरला असता तर वाचला असता, हे त्यांना माहीत होतं. भीत भीत जपून ठेवला म्हणूनच तो फाटला. अप्पा पोराटोरांसारखे रडले, नाक पुसलं आणि फाटलेला भाग कापून टाकू लागले. कडेला मुठीएवढा धड तुकडा निघाला.

तेराव्याला सगळी भावकी जमली होती. अप्पांनी बन्सीधरच्या बायकोपुढं, धुरपताबाईपुढं, त्या तुकड्याची वाटी ठेवली. ह्यात घोटभर तरी मावेल का, असं म्हणून कोणीतरी हसलं. सूर्यभान म्हणाला, आधी त्यात ताक टिकू तर द्या.

धुरपताबाई उठली. आतून ताक आणलं, वाटी काठोकाठ भरली आणि नवऱ्याच्या फोटोपुढं फरशीवर ठेवली. मग अप्पांना म्हणाली, "भावजी, तुमी पयल्या पंगतीला बसा."

अप्पा ताठ बसून पोटभर जेवले. पंगती उठेपर्यंत सूर्यभान येता-जाता वाकून वाटीखाली बघत होता. फरशी कोरडीच होती.