रामाहारोचा हिरवा मणी

रामाहारो मांत्रिकाने मूठ उघडली आणि लग्नाला जमलेलं अख्खं गाव "अगं बाई!" करत मागे सरकलं. तळहातावर लिंबाएवढा हिरवागार मणी होता. बघता बघता त्याला पाय फुटले, मिशा फुटल्या, आणि मणी चक्क चालायला लागला!

"पूर्वजांचा मणी आहे हा!" रामाहारो गरजला. "नवरीच्या हातावर उघडा राहिला तर पूर्वज राजी. मिटला, तर लग्न मोडलंच समजा!"

या गावात प्रत्येकाच्या गळ्यात मंतरलेला मणी. शिवाय पूर्वजांच्या थडग्यांचं जंगल निषिद्ध, तिथलं पानसुद्धा कोणी उलटायचं नाही, असा रामाहारोचाच दंडक. मग मणी चालला तर कोण शंका घेणार? हात जोडून मोकळे!

नवरी वुआंगी मात्र डोंगरापलीकडची. शाळेत शिकवायची आणि व्हॅनिलाची बागही सांभाळायची. तिने हात पुढे केला. रामाहारोने मणी त्यावर ठेवला, तीनदा जोरात फुंकर मारली आणि जमिनीवर काठी आपटून तो किंचाळला, "बोला, पूर्वजांनो!"

मणी टपकन मिटला.

"झालं वाटोळं!" नवऱ्या मुलाची आई, नेनी फारा, मटकन खालीच बसली. नवरा मुलगा त्सियोरी याचा चेहरा पांढराफटक पडला. वुआंगीचा जीव नुसता तुटला. पोरगा तिला मनापासून आवडला होता.

"उपाय आहे," रामाहारो पुटपुटला. "नवरीच्या बापाला मान म्हणून द्यायचा मेंढराचा पुठ्ठा, मागच्या मांडीचं सगळं मटण, माझ्या घरी पाठवा. शुद्ध करतो."

"मागच्या तिन्ही लग्नांतले पुठ्ठे शुद्ध झाले का हो, बाबा?" वुआंगीने विचारलं. "परत एकही आला नाही, असं आमच्याकडे ऐकलंय."

"पोरी, जीभ आवर!"

सासरी लावायला वुआंगीने टोपलीतून व्हॅनिलाची रोपं आणली होती, मुळांना माहेरच्या जंगलातला ओला पालापाचोळा गुंडाळून. तिने त्या टोपलीत हात घातला आणि एक हिरवा मणी काढला. मग दुसरा, तिसरा, काढतच राहिली. गावाचे डोळे विस्फारले.

"घ्या, प्रत्येकाने एकेक. आता फुंका!"

गावाने गाल फुगवून फुंकलं. सगळे मणी मिटले. सरपंचाचा मिटला, नेनी फाराचाही मिटला.

"म्हणजे माझंही लग्न मोडलं?" नेनी फारा नवऱ्याकडे वळली. "अहो, ऐकलंत का? तीस वर्षं फुकट गेली!"

"मला आधी सांगायचं ना!" नवरा म्हणाला.

"आता जरा गप्प बसा," वुआंगी म्हणाली. या गावाला तेवढं सोडून सगळं जमतं. दोनदा कोणीतरी खोकलं, एकदा हसू फुटलं, पण शेवटी शांतता झाली. हळूच एकेक मणी उलगडला.

"हा पैसा किडा," वुआंगीने दाखवलं. "गोमेचा चुलतभाऊ. अंगाच्या बहुतेक कड्यांना पायांच्या दोन-दोन जोड्या, शेपटीला ही एकच मोठी ढाल. धक्का बसला, वारा लागला, की घाबरून अंगाची गोळी करतो. जंगलात पानांखाली राहतो, कुजकी पानं खातो, आणि त्याच्या लेंड्यांनी माती कसदार होते. पूर्वजांचा आणि याचा काही संबंध नाही. हे रामाहारोबाबा हवं तेव्हा फुंकतात, नको तेव्हा श्वास धरून बसतात, एवढीच विद्या."

"अय्या! हा हातावर लेंडी टाकून गेला!" नेनी फारा ओरडली.

"खत आहे, नेनी. जपून ठेवा."

रामाहारो गुपचूप सटकत होता. नेनी फाराने त्याची टोपी ओढली. आतल्या ओल्या शेवाळावर चार 'पूर्वज' निवांत झोपलेले!

"मेल्या, पोराचा संसार मोडत होतास, तोही मटणासाठी!" मग तिने तो पुठ्ठा दोन्ही हातांनी उचलून वुआंगीच्या वडिलांपुढे ठेवला. "घ्या, व्याही. पोरगी आता आमची."

मंडळी, पूर्वजांना मान जरूर द्या. पण त्यांच्या नावाने कोणी तुमच्या पोरांची लग्नं मोडायला निघाला, तर हात जोडण्याआधी ती वस्तू आपल्या हातात घ्या आणि एकदा स्वतः फुंकून बघा.