आजीला आउट देत नाहीत

कचऱ्याचा डबा धाडकन आडवा झाला आणि त्याचं झाकण घरंगळत लिंबाच्या झाडापर्यंत गेलं. क्रिकेटमध्ये यालाच आउट म्हणतात, असा व्हर्नाचा आजवर समज होता.

"नो बॉल," तिचा मुलगा क्रेग स्लिपमधून म्हणाला.

"कसला नो बॉल? डबा बघ कुठे पडलाय."

"वाऱ्याने पडला, आई."

ऑस्ट्रेलियातल्या पोर्ट पिरीत त्या दुपारी पानही हलत नव्हतं. नाताळचं जेवण सगळ्यांच्या अंगावर आलं होतं आणि कोळंबीच्या सालींवर माशा बसल्या होत्या.

पुढचा चेंडू नात टेगनने खालून, तान्ह्या बाळाकडे खुळखुळा सरकवावा तसा टाकला. टेगन जिल्ह्याच्या मुलींच्या संघात वेगवान गोलंदाज होती.

"काय गं, हात मोडलाय का तुझा?"

"नाही आजी. बाबा म्हणाले, आजीला हळू टाक. आणि आउट द्यायचं नाही."

"टेगन," क्रेगने दटावलं.

म्हणजे असं होतं तर. आयुष्यभर व्हर्नाने शाळेच्या कॅन्टीनमध्ये पोरांना रांगेत उभं केलं, आणि दर नाताळला याच अंगणात लेगस्पिन टाकली. क्रेग लहान असताना तिने त्याला पहिल्याच चेंडूवर उडवला होता. तो रडत संडासात जाऊन बसला, तेव्हा हिने दाराबाहेरून सांगितलं, रडून झालं की फिल्डिंगला ये. तिच्या घरात लाड म्हणतात ते हेच. आज मात्र सकाळी बटाटे सोलायला घेतले, तर सुनेने हातातली सुरी काढून घेतली. मग तिला पंख्याखाली बसवलं, पाठीला उशी. लोक येऊन गालाचा मुका घेत आणि पुढे जात, जसं काही ती आधीच फोटोत गेली होती.

तिने मुद्दाम क्रेगच्या हातात झेल दिला. तो त्याने इतका मन लावून सोडला, की पकडायला कमी कष्ट पडले असते.

"आज तुझा दिवस आहे, आई. मजा कर."

"करमणूक झाली माझी. ही घे बॅट. बॉल आण इकडे."

"व्हर्ना, खांदा दुखेल," सून डोना खुर्चीतून म्हणाली.

"दुखू दे. माझाच आहे."

दोन पावलं टाकून तिने चेंडू सोडला. तो अंगणातल्या भेगेत पडून वळला. क्रेगने कसाबसा परत ढकलला, आणि टप्पा पडल्या पडल्या व्हर्नाने एका हाताने उचलला.

"एक टप्पा, एक हात. आउट. आता बॅट माझी."

"दोन टप्पे पडले."

"एक."

"दोन! चष्मा लाव जरा. कायम रडीचा डाव तुझा. बाबासुद्धा म्हणायचे."

डोना उठून उभी राहिली. नवरा रॉय गेल्यापासून व्हर्नाशी कुणी या सुरात बोललं नव्हतं.

"एकच पडला," ती म्हणाली आणि हात पुढे केला.

क्रेगने बॅट दिली नाही, तिच्या पायाशी टाकली. वाकून उचलायला तिला वेळ लागला. कुणी मदतीला आलं नाही. तिने गार्ड घेतला.

टेगनने बापाकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस?" तो अजून धुसफुसत होता. "टाक जोरात. बघू किती टिकते."

टेगन मागे जात राहिली, पार कुंपणाला पाठ लागेपर्यंत. व्हर्नाने गुडघे थोडे वाकवले आणि मान वर केली.