उघड्या डोळ्यांची प्रार्थना

रोहिणीला प्रार्थना कुणी शिकवायला नको होती. सातपुड्याच्या पायथ्याशी, चोपड्याकडच्या त्या गावात पावरा आदिवासी ख्रिस्ती घरं मोजकीच, आणि त्यांत रोहिणीची प्रार्थना सगळ्यांत लांब. ती सुरू झाली की आया लेकरांना आधीच मांडीवर आडवं करून घेत आणि पाळक जीवरामभाऊ हळूच घड्याळाकडे बघत. डोक्यावर पदर, हात जोडलेले, डोळे घट्ट मिटलेले. लहानपणी रविवारच्या शाळेत असंच शिकवलं होतं, आणि यातलं एक जरी राहिलं तर देव लक्ष देत नाही अशी तिची पक्की समजूत होती. अशा या बाईवर स्कुटी चालवायची पाळी आली.

झालं असं, की रोहिणी गावची आशाताई. नाल्यापलीकडचे डोंगरातले पाडे तिच्याकडे. कुणाला दिवस गेलेत, कुणाच्या लेकराची लस राहिलीय, सगळं तिला तोंडपाठ. इतके दिवस नवरा, गोपाल, तिला मोटारसायकलवर मागे बसवून न्यायचा. मग तो जळगावला पाइपच्या कारखान्यात लागला आणि घरी रविवारपुरता उरला. पाड्यांवर एसटी जात नाही, पायी जायचं तर सगळा दिवस वाटेतच मोडतो. म्हणून गोपालने एक जुनी स्कुटी आणून दारात उभी केली आणि शाळेच्या मैदानात फिरवून तिला शिकवलीही. मैदानात ती झकास चालवायची. चढ दिसला की मात्र तिथूनच मागे फिरायची. लग्नाआधी भावाच्या गाडीवरून पडून मनगट मोडलं होतं, ते अजून थंडीत ठणकायचं.

आरोग्य उपकेंद्रातल्या सारिका सिस्टर स्वभावाने चांगल्या, पण त्यांनाही वर जाब द्यावा लागे. "रोहिणी, तुला जमत नसेल तर स्पष्ट सांग," त्या म्हणाल्या. "या महिन्यात वरच्या पाड्यांवर तू फिरकलीच नाहीस. असं चाललं तर ते पाडे मला दुसऱ्या कुणाला द्यावे लागतील."

रोहिणी घरी येऊन पोटभर रडली. पाड्यांवरची निम्मी लेकरं तिच्या डोळ्यांदेखत जन्मली होती. तिला बघितलं की ती अंगाला येऊन चिकटायची. हे काम दुसरीच्या हातात गेलं तर आपण करायचं काय, हेच तिला समजेना.

रविवारी उपासनेत तिने उभं राहून सगळ्यांना प्रार्थनेची विनंती केली. सगळ्या मंडळीने तिच्यासाठी मनापासून प्रार्थना केली. सोमवारी सकाळी ती स्कुटीवर बसली आणि निघाली.

गाव संपलं, चढ समोर आला आणि रोहिणीच्या छातीत धडकी भरली. धडकी भरली की ती जे करते तेच तिने केलं. प्रार्थना. आणि प्रार्थना म्हटल्यावर जे जे करायचं ते सगळं रीतसर केलं. डावा हात पदराकडे गेला, मान खाली गेली, डोळे मिटले. "हे स्वर्गीय पित्या" एवढंच म्हणून झालं होतं, तोवर स्कुटी रस्ता सोडून कडब्याच्या गंजीत घुसली. गंजी खुद्द जीवरामभाऊंची होती.

जीवरामभाऊ धावत आले आणि त्यांनी तिला पेंढ्यांतून ओढून काढलं. "लागनं का माय?"

"नही."

"मंग व्हयनं काय?"

रोहिणीला खोटं बोलता येत नव्हतं. तिने जे घडलं ते सांगितलं. पाळक माणसाने अशा वेळी हसू नये हे जीवरामभाऊंना ठाऊक होतं. म्हणून ते आधी गंजीच्या मागे गेले, आणि मग हसले. संध्याकाळपर्यंत गावात लहानथोरांना ही गोष्ट कळली होती.

लोकांच्या हसण्याचं रोहिणीला फारसं वाटलं नाही. तिला लागलं ते वेगळंच. सगळ्या मंडळीने प्रार्थना केली, तिनेही केली, तरी ती पडली. सासू, मोतीबाई, चुलीपुढे भाकरी थापत होती, तिच्याजवळ जाऊन ती बसली.

"देवनी मनं ऐकं नही, आई."

"ऐकं नही कशी?" मोतीबाई म्हणाली. "तुले गंजीमा पाडं, नालामा नही पाडं. नी डोया मिटाले तुले कोणी सांगं व्हतं?"

"मंग प्रार्थना कशी करानी?"

"मी आठे, चुलीपुढे, रोज करस. डोया मिटस का? मिटं ते भाकर करपी जाई."

"ती काय प्रार्थना शे का?" रोहिणी बोलून गेली. "तुम्ही ते पुटपुटतस."

मोतीबाईचा हात परातीत थांबला. बोलायला नको होतं हे रोहिणीला तेव्हाच कळलं. पण म्हातारी रागावली नाही. पीठ झटकून ती सांगू लागली.

"गोपाल धाकला व्हता. ताप डोकामा गया व्हता त्याना. तुना सासरा गुजरातमा कामले. मी पोऱ्याले पाठवर बांधं नी नालामाईन पायी दवाखानामा लई गऊ. नालाले पानी. पाय ठेवाले दगड देखू का डोया मिटू? दगड देखत गऊ नी देवसंगे बोलत गऊ. ती प्रार्थना नही व्हती, ते मंग काय व्हतं? तूच सांग."

ज्या घरात रोहिणी सून म्हणून आली ते घर या पुटपुटण्यावरच उभं होतं, आणि आपण त्याला प्रार्थना म्हणायलाही तयार नव्हतो, याची तिला फार लाज वाटली. तिने सासूच्या हातातलं पीठ काढून घेतलं आणि उरलेल्या भाकरी स्वतः थापल्या.

दुसऱ्या दिवसापासून गावच्या रस्त्यावर नवाच प्रकार सुरू झाला. रोहिणी स्कुटीवर, डोळे टक्क उघडे, आणि तोंडाने अखंड बोलणं चालू. "प्रभू, खड्डा शे. प्रभू, पुढे म्हैस शे. प्रभू, म्हैस हालत नही." लोक दारात उभे राहून ऐकत. उपासनेतल्या तिच्या लांबलचक, नटूनथटून आलेल्या प्रार्थनेपेक्षा ही बरी, असं जीवरामभाऊ खाजगीत म्हणाल्याचं कळतं. गावातले रस्ते जमले. चढाकडे मात्र तिने स्कुटी वळवली नाही.

मग एके दिवशी वरच्या पाड्यावरून झुंबरबाईचा फोन आला. तिच्या सुनेची पहिली खेप, कालच दवाखान्यातून घरी आणलेली. लेकरू सकाळपासून अंगावर पीत नव्हतं, सून रडत होती आणि झुंबरबाई गुळाचं पाणी पाजायच्या बेतात होती.

"काही पाजू नका," रोहिणी म्हणाली. "मी येस."

फोन ठेवल्यावर आपण काय कबूल केलं ते तिच्या लक्षात आलं. गोपाल जळगावला, सारिका सिस्टर मीटिंगला चोपड्याला. मोतीबाईने स्कुटीची चावी आणून हातात दिली.

चढाच्या तोंडाशी रोहिणी थांबली. पाय जमिनीवर टेकवले. तिने समोरच्या रस्त्याकडे बघितलं आणि सरळ सांगून टाकलं, "प्रभू, माले भ्याव वाटस. मनामा दम नही. तुनामा शे, तो माले दे."

आकाशवाणी वगैरे झाली नाही. भीतीही गेली नाही, ती होती तिथेच राहिली. पण तिच्याशेजारी आणखी कुणीतरी येऊन बसल्यासारखं वाटलं, आणि ते भीतीपेक्षा मोठं होतं. तिने स्कुटी सुरू केली. दगड आला तेव्हा दगड सांगितला, वळण आलं तेव्हा वळण सांगितलं, आणि सांगता सांगता ती पाड्यावर पोचली.

पुढचं काम तिचं नेहमीचं. झुंबरबाईच्या सुनेला तिने भिंतीला टेकवून बसवलं, पाठीला गोधडी दिली, लेकराला नीट छातीशी धरायला शिकवलं. लेकराने दोनदा तोंड फिरवलं, मग पकडलं आणि चुटुचुटू पिऊ लागलं. सून रडता रडता हसली. झुंबरबाईने मुकाट्याने गूळ डब्यात ठेवून दिला.

बाहेर मोहाच्या झाडाखाली रेंज मिळते, तिथून रोहिणीने सिस्टरना फोन लावला. "सिस्टर, पाडे कुणाला देऊ नका. मी वरच्याच पाड्यावरून बोलतेय."

सिस्टरनी विचारलं, "गेलीस कशी?"

"बोलत बोलत."

ती घरी पोचते तोच गोपालचा फोन आला. त्याला बातमी लागलेली दिसत होती. काळजीने म्हणाला, "एकली कसाले गयी? मी रविवारले येस ना. उपासना व्हयनी का तुले पाड्यावर लई जास."

"या ना," रोहिणी म्हणाली. "पन तुम्हले मांगे बसनं पडी. नी वाटमा बोलू नका, मनी प्रार्थना चालू ऱ्हास."