टॉम रुआन बर्फावर का उतरत नव्हता

मॅलकी रुआन हा शहाऐंशी वर्षांचा म्हातारा म्हणजे वॉर्डातला सगळ्यांचा लाडका पेशंट. खुब्याचं हाड मोडून ऑपरेशन झालेलं, तरी फिजिओथेरपिस्ट वसुधा दारात दिसली की हाच आधी हात पुढे करायचा. "चल, आज कुठवर नेतेस मला?" वसुधा मूळची पुण्याची. आयर्लंडमध्ये, लिमरिकला मास्टर्स करून ती तिथल्याच कासलबारच्या हॉस्पिटलात लागली, त्याला आता चार वर्षं झाली होती. सकाळी कामावर येताना आज मॅलकी आहे, एवढ्यानेही तिला बरं वाटायचं.

त्या सोमवारी मात्र मॅलकी खुर्चीतून हलेना. मांडीवर एक जाड पाकीट होतं. कॅनडाहून आलेलं, गावच्या फादरनी सकाळीच आणून दिलेलं.

"माझा चष्मा घरी राहिलाय. हे वाचून दाखव, मग म्हणशील तेवढं चालतो."

वसुधाने पत्र उघडलं. उत्तरेकडच्या कुठल्याशा खाणींच्या गावातल्या छोट्या संग्रहालयाचं पत्र होतं. खेळण्याचा पगार घेणाऱ्या अगदी पहिल्या पिढीतला आइस हॉकीपटू, १९०७ ते १९१० आमच्या गावाचा हिरो, थॉमस रुआन, हे आपले वडील असल्याचं आम्हाला कळलं. नव्या दालनात त्यांचं चित्र लावायला आपली परवानगी हवी.

"चुकीचा रुआन," मॅलकी हसला. "माझा बाप पोस्टमन होता. सायकलवरून चार डोंगरवाड्यांना पत्रं वाटायचा."

"पण इथलाच जन्म लिहिलाय. चौथ्या वर्षी आईवडिलांबरोबर कॅनडाला गेले, १९११ मध्ये परत आले."

मॅलकीचं हसू थांबलं. वसुधाने त्याच्या हातात सोबतचा फोटो दिला. पट्ट्यापट्ट्यांचे जाड स्वेटर घातलेले, पायात स्केट्स, हातात काठ्या घेतलेले सात तरुण. मॅलकीने तो पार नाकाशी नेला आणि बराच वेळ तसाच धरला.

"मधला," तो म्हणाला. "ही हनुवटी मी रोज दाढी करताना बघतो."

मग वसुधा जुन्या वर्तमानपत्रांच्या प्रती वाचत गेली. एका सामन्यात नऊ गोल. लोकांनी टॉमला खांद्यावर बसवून स्टेशनपर्यंत नेलेलं. मॅलकीचे डोळे भरून आले होते. "सत्तेचाळीसचा हिवाळा," तो एकदम म्हणाला. "आमचं तळं गोठलं होतं. अख्खं गाव बर्फावर, आणि माझा बाप काठावर उभा, पांढराफटक. मी नऊ वर्षांचा. बर्फावर पाय टाकला तसा त्याने मला कॉलरला धरून मागे ओढलं आणि सगळ्यांसमोर कानाखाली लगावली. भित्र्याचा पोर म्हणून पोरांनी वर्षभर पिडलं मला. मीही तेच समजत आलो गं. आणि हा नऊ गोल मारायचा! वाच, पुढचं वाच."

शेवटचा कागद उरला होता. वसुधाने पहिल्या दोन ओळी मनात वाचल्या आणि कागदाची घडी घातली.

"हा पुसट आलाय," ती खोटं बोलली. "घरी नेऊन नीट बघते. चालेल?"

"ग्रँड, चालेल की," मॅलकी म्हणाला. तो फोटोतून डोकं वर काढायला तयार नव्हता.

संध्याकाळी तिने तो कागद नवऱ्यापुढे, निमिषपुढे ठेवला. फेब्रुवारी १९१०चा सामना. झटापटीत टॉम रुआनची काठी समोरच्या संघातल्या एका पोराच्या कानशिलावर बसली. पोर एकोणीस वर्षांचं. ते उठलं, बाकावर बसलं, मी ठीक आहे म्हणालं, पाणी प्यायलं. दुसऱ्या दिवशी गेलं. खटला उभा राहिला. खेळात असं व्हायचंच, म्हणून ज्युरीने अर्ध्या तासात निर्दोष सोडलं. कोर्टात टाळ्या पडल्या. टॉम रुआनने वळून लोकांना विचारलं, "तुम्हाला वेड लागलंय का?" त्यानंतर तो कधीच खेळला नाही.

"नको सांगूस," निमिष म्हणाला. "या वयात बिचाऱ्याला पहिल्यांदा बापाचा अभिमान वाटलाय. कशाला हिरावून घ्यायचा?"

"पत्र त्याचं आहे, निमिष. बापही त्याचाच."

"मग तुझं ठरलंच आहे की. मला विचारतेस कशाला?"

दुसऱ्या दिवशी वसुधाने मॅलकीसमोर खुर्ची ओढली. काल खोटं बोलले म्हणून माफी मागितली आणि एकही शब्द न गाळता कागद वाचला. वाचून झाल्यावर मॅलकीने एवढंच विचारलं, "त्या पोराचं नाव काय म्हणालीस?"

"विल्फ्रेड. विल्फ्रेड लाक्रुआ."

"पुन्हा म्हण."

तिने पुन्हा म्हटलं. मॅलकीच्या चेहऱ्याचा रंग उडालेला बघून तिचा हात नाडीकडे गेला. त्याने तो बाजूला केला.

"माझं मधलं नाव विल्फ्रेड आहे."

वसुधाने हातातला कागद खाली ठेवला.

"आमच्या भागात हे नाव कुणाचंच नव्हतं. आईला विचारलं तर म्हणायची, तुझ्या बापाचा हट्ट. बापाला विचारलं तर म्हणायचा, चांगल्या माणसाचं नाव आहे, जपून वापर. सगळं जग मला मॅलकी म्हणायचं, एकटा बाप तेवढा विल्फ. जेवायला ये, विल्फ. गाईला पाणी दाखव, विल्फ." तो थांबला. "मरताना माझा हात धरून म्हणत होता, 'ऊठ, विल्फ. ऊठ रे.' मला वाटलं, भ्रम झालाय. मी तर त्याच्याजवळ उभाच होतो."

पुढचे दोन दिवस मॅलकी कुणाशी बोलला नाही. जेवणाचा ट्रे तसाच परत जायचा. वसुधा यायची, शेजारी बसायची, निघून जायची. आपण केलं ते बरोबर की चूक, हे तिला कळत नव्हतं, आणि निमिषला विचारण्याची सोय आपणच ठेवली नव्हती.

शुक्रवारी तो म्हणाला, "कागद घे. लिही." आणि एका दमात सांगितलं: "माझ्या वडिलांचं चित्र लावा. पण खाली गोलांचे आकडे लिहिणार असाल, तर विल्फ्रेड लाक्रुआचं नाव आणि वयही लिहा. जमत नसेल तर चित्र लावू नका."

दहा दिवसांनी उत्तर आलं. ते तयार होते. लाक्रुआचा फोटो मात्र त्यांच्याकडे एकही नव्हता.

मॅलकी घरी निघाला तेव्हा वसुधा त्याला गाडीपर्यंत सोडायला गेली. त्याला न्यायला आलेल्या पुतणीने त्याची चालायची फ्रेम डिकीत टाकली. तो पुढच्या सीटवर बसला, पण दार ओढून घेईना.

"तुला काय वाटतं," त्याने विचारलं, "इतक्या वर्षांत एकदा तरी त्याने मला हाक मारली असेल का? फक्त मलाच?"

वसुधाच्या तोंडाशी गोड उत्तरं आली होती. तिने ती गिळली.

"मला माहीत नाही, मॅलकी."

त्याने मान हलवली, तिचा हात थोपटला आणि दार लावून घेतलं.