सोड्या

मी अंबाडीचा दोर बोलतोय. मनगटाएवढा जाड आणि तोंडाचा फटकळ, तेव्हा गोड बोलण्याची आशा ठेवू नका.

धनजकडच्या नाल्यात मला कुजवलं, बडवलं आणि सोमला नावाच्या म्हाताऱ्यानं पीळ दिला. वाटलं, बैलांच्या कामी येईन. कुठलं काय! वाशीमच्या दोन पुऱ्यांनी, म्हणजे मोहल्ल्यांनी, धुळवडीच्या खेचाखेचीसाठी मला आणलं. एका टोकाला वरचा पुरा, दुसऱ्याला खालचा. रेघेपलीकडे ओढले गेले ते हरले. एवढ्याशा खेळापायी हे लोक वर्षभर एकमेकांच्या हॉटेलात चहा पीत नाहीत.

हरणं चालतं एकवेळ. पण ज्याच्या हातून दोर सुटला त्याचं नाव पडतं 'सोड्या'. खालच्या पुऱ्यातल्या दौलतरावांनी तरुणपणी एकदा दोर सोडला. आता केस पिकले, तरी पानठेल्यावरून हाक येतेच, "काय सोड्या, कुठं चालला?" ते हसून पुढे जातात. त्यांच्या मुलाला, प्रज्वलला, मात्र ते फार झोंबायचं.

यंदा प्रज्वल शेवटच्या जागी उभा राहिला. पोलीस भरती तोंडावर आली होती; त्यासाठी दोन वर्षं मेहनत करत होता. त्यानं मला उजव्या हाताला वेढा दिला. दोराचा वेढा घ्यायचा नसतो, हे इथं शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे.

"वेढा काढ बापा! हात जाईन!" दौलतराव ओरडले.

"जाऊ द्या! सोड्याचा पोरगा सोडत नाही, पाहू द्या लोकायले!"

शिट्टी झाली. दोन्हीकडून जोर आला आणि मी आवळत गेलो. दोराला दुसरं येतं काय? तो किंचाळला, पण डफड्यांपुढे कोणाला ऐकू जाणार! खालचा पुरा जिंकला. पोरांनी त्याला खांद्यावर घेऊन गुलाल उधळला. गुलालात रक्त दिसलं नाही. माझ्या वेढ्यात तुटून अडकलेली दोन बोटं आधी दौलतरावांनाच दिसली.

भरती गेली. मला मात्र मारुतीच्या देवळात टांगून हार घातला! परवा दौलतराव विळा घेऊन आले, तर लोकांनी त्यांचा हात धरला.

"काका, काहून अपशकुन करता? पोट्ट्यानं पुऱ्याचं नाक राखलं."

"नाक ठेवा तुमच्यापाशी. त्याच्या सदऱ्याच्या गुंड्या रोज मी लावून देतो."

विळा काढून घेतला लोकांनी. मला तेल चोळलं. प्रज्वलच्या जागी पुढच्या वर्षी कोण, यावर आत्ताच भांडणं जुंपलीत.

बाबांनो, कापा मला. ते होत नसेल, तर निदान सोडा. सोड्या म्हणतील, म्हणू द्या. त्या सोड्याची दहाही बोटं शाबूत आहेत, म्हणून तर पोराच्या गुंड्या लागतात.